करुणा, आधी पूर्ण वाच, मग फोन कर

प्रिय करुणा,
सप्रेम जय भीम.

तू एकटी बँकॉकला फिरायला चालली त्यावरून रविवारी आपलं बोलणं झालं न् तू फोन ठेवून दिला, त्याला आज तीन दिवस झाले. तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलून राहिली, भाकर ताटात वरूनच टाकते, आवाज होतो. आजी विचारते काय झालं रे, मी म्हणतो काही नाही, थंडी पडली. तुझ्या भावाला, बंटीला म्हटलं तू लाव फोन तर तो म्हणे तुमचं तुम्ही पाहा. म्हणून हे लिहून राहिलो. आधी डायरीत लिहिलं, एसटीत कंडक्टर होतो तेव्हा वे-बिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या, पाठीमागे हिशोब मांडायची सवय होती तसंच, आणि आता त्यातून मोबाईलवर उतरवून राहिलो. बोटं जाड आहेत, एक अक्षर दाबलं की शेजारचं उमटते, चुका काढू नको.

पहिले ते एक मोकळं करतो. "लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत जा, आत्ता एकटी कशाला" हे मी म्हटलं ते चुकलं. तोंडातून निघून गेलं. तुझी आई म्हणते निघून गेलं नाही, आत होतं ते बाहेर आलं. असेल. पण मला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते धड बोलता येत नाही म्हणून ते नवऱ्याचं मध्ये आलं. असो. जे म्हणायचं होतं ते खाली कुठेतरी लिहीन, जमलं तर.

आईने मला बजावलं आहे की पत्रात मोबाईलबद्दल एकही शब्द लिहायचा नाही, पोरगी सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात चार वर्षं राहून राहिली. तर मी लिहिणार नाही. फक्त पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या सामानात टाकू नको, विमानवाले सामानात चालू देत नाहीत, काढून घेतात. एवढंच. झालं.

आता पानठेल्याचं ऐक. सोमवारी मी तिथे सांगितलं की पोरीला कंपनी बँकॉकला पाठवून राहिली. खोटं बोललो. स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पैशानं, एकटी फिरायला चालली हे सांगायला माझी जीभ उचलली नाही, आणि हे तुला सांगतानाही लाज वाटून राहिली. तरी दोघंतिघं हसलेच. का हसले ते तुला माहीत आहे. आपल्या भागातून बँकॉकला जाते कोण, तर कृषी केंद्रवाले. बियाण्याचा न् फवारणीच्या औषधाचा कोटा पुरा केला की कंपनी नेते चार दिवस फुकट, आणि ते आल्यावर जे सांगत बसतात ते मी तुला लिहू शकत नाही. त्यातल्याच एकाला मुद्दाम विचारलं, भाऊ, वाट फो पाहिलं का तिथलं, एवढे मोठे बुद्ध आहेत झोपलेले? तो म्हणे वाट फो? ते कोणतं हॉटेल? चार दिवस राहून आला न् हे! मग मंगळवारी मी पुन्हा गेलो, चहा मीच पाजला आणि सांगितलं की कंपनी-बिंपनी काही नाही, पोरगी स्वतःच्या पगारातून चालली, बुद्ध पाहायला चालली. आता हे अर्धंच खरं आहे, तू मॉलमध्ये पण जाशील, जा, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तुला वाटेल बाबाला काय समजते परदेशातलं. बरोबर आहे. पण बंटीने तीन रात्री मला व्हिडिओ दाखवले आणि मी चौतीस वर्षं गाडीत उभा राहिलो, माणसं शहर कोणतंही असो उतरतात सारखीच. बावरतात. आणि बावरलेला पॅसेंजर स्टँडवरच्या चोराला लांबून ओळखू येतो. बॅग एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर, बोर्डाकडे पाहते, माणसांकडे पाहते, पुन्हा बोर्डाकडे. तर उतरल्यावर पहिले पाच मिनिटं बाजूला भिंतीला टेकून उभी राह, पाणी पी, काय कुठे आहे ते पाह्य, मग हल. मी नवीन ड्रायव्हरला पण हेच सांगायचो, अनोळखी स्टँडवर गाडी लावली की आधी उतरून बाहेरचा रस्ता पाहून ये.

बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत. हे मला ठाऊक नव्हतं, बंटीने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. एक सुवर्णभूमी, नाव पाह्य किती आपलं आहे, आणि एक जुना डॉन मुआंग, शहराच्या दुसऱ्याच टोकाला. जायचं तिकीट एकाचं आणि यायचं दुसऱ्याचं असं पण असू शकते. तू म्हणशील मी पाहिलं आहे. पुन्हा पाह्य. नागपूरला गणेशपेठ न् मोरभवन, दोन स्टँड, मधे दोन किलोमीटर नाही धड, तरी आठवड्याला एक तरी पॅसेंजर चुकीच्या स्टँडवर उभा राहून गाडी गेल्याबद्दल आम्हाला शिव्या द्यायचा. तिथे तर गाडी नाही, विमान आहे.

पहाटेचं उतरणारं विमान घेतलं ते एक नंबर केलं. उजेडात अनोळखी गावात शिरावं, हे मी तुला कधी शिकवलं नाही तरी तुला समजलं. हॉटेल पण फाया थाईजवळ घेतलं म्हणते, एअरपोर्टची रेल्वे तिथेच संपते, अर्ध्या तासात पोचवते, तिकीट जास्तीत जास्त पंचेचाळीस बाथ. मग टॅक्सीची गरजच नाही. पण थकली असली आणि घेतलीच तर खाली मशीन आहे, तिथून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर गाडीचा नंबर. मीटर पस्तीस बाथवर सुरू होते, एअरपोर्टचे पन्नास वर, टोल आपला. कोणी आत येऊन "टॅक्सी मॅडम" म्हणलं तर त्याच्या मागे जायचं नाही, आणि ती चिठ्ठी फेकायची नाही. तिकीट प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावे. हे मी लाखो लोकांना सांगितलं आहे, घरच्यांना सांगायचं राहून गेलं.

थायलंडमध्ये शिरायचा तो ऑनलाईन फॉर्म भरला का? पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत भरायचा, मे २०२५ पासून सुरू झाला. फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाईट दिसली तर ती खोटी समजायची. आणि त्याची एक प्रिंट काढ, मोबाईलमध्ये आहे म्हणू नको. मोबाईल बंद पडला तर. बरं, हे मोजू नको, हे फॉर्मबद्दल होतं.

कागदाचं माझं ऐक जरा. मी पहिल्यांदा आदिलाबाद ड्युटीला गेलो तेव्हा तुझा जन्म नव्हता, आईला सातवा महिना होता बहुतेक. पांढरकवडा, पाटणबोरी इथपर्यंत सगळं आपलं, आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की बोर्ड तेलुगूत. गोल गोल अक्षरं, सगळी जिलबीसारखी, एकही वाचता येईना. पाचच मिनिटांआधी मी शहाणा माणूस होतो, खाकी कपडे, छातीवर बिल्ला, आणि पूल ओलांडताच अंगठाछाप झालो. पॅसेंजर गावाचं नाव सांगायचे आणि मला कळायचं नाही ते गाव गेलं का यायचं आहे. मग मी खुणा धरल्या. चिंचेचं मोठं झाड, त्याच्यानंतर निळी टाकी, त्याच्यानंतर शाळा. तिसऱ्या खेपेला मला सगळा रस्ता पाठ होता, अक्षर एकही नाही. तर थाईमध्ये पण तसंच आहे. मेट्रोत इंग्रजी लिहिलं असते पण टॅक्सीवाल्याला इंग्रजी वाचता येईलच असं नाही. हॉटेलमध्ये गेल्या गेल्या काउंटरवरून त्यांचं कार्ड घे, थाई अक्षरात पत्ता असलेलं. एक पर्समध्ये, एक पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत वेगळं. आणि हॉटेलमधून बाहेर पडताना वळून एकदा पाह्य, कोपऱ्यावर काय आहे, दुकान आहे का देऊळ आहे. तिथे गल्लीला सोई म्हणतात, सोईला नंबर असतो, तो ध्यानात ठेव.

तेव्हा आदिलाबादहून येताना मी आईसाठी एक साडी आणली होती, तिने ती अजून ठेवली आहे, निळ्या पेटीत. तिला विचार कोणती. मला वाटते तिला आठवेल.

कुठे होतो. हा, बँकॉकचा राजवाडा. त्याच्या गेटजवळ एखादा चांगल्या कपड्यातला माणूस येईल, गोड बोलेल, म्हणेल आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, नाहीतर दुपारी उघडते, तोपर्यंत माझ्या ओळखीचा टुकटुकवाला तुला वीस बाथमध्ये चार देवळं दाखवतो. आणि मग तो नेते खड्यांच्या दुकानात. नीलम, माणिक, "आज सरकारी सूट आहे, तुमच्या देशात दुप्पट भावात विकाल." वर्षानुवर्षं चालू आहे हे आणि लोक वर्षानुवर्षं फसून राहिले. पॅलेस साडेआठला उघडते, साडेतीनला तिकीट बंद, बाहेरच्यांना पाचशे बाथ, म्हणजे आपले हजाराच्या वर. बंद आहे का उघडं आहे ते गेटवरच्या खिडकीला विचारायचं, रस्त्यावरच्या माणसाला नाही. यवतमाळला नव्हतं का ते, "नागपूर गाडी कॅन्सल झाली ताई, या आपल्या जीपमध्ये"? गाडी आमची तिथे फलाटावर उभी राहायची आणि जीपवाला आमच्या डोळ्यांदेखत पॅसेंजर घेऊन जायचा. डोकं एकच आहे, गाव बदललं फक्त.

खांदे न् गुडघे झाकलेले पाहिजेत तिथे, मग पंजाबी ड्रेस चांगला, ओढणी पण कामी येते. आतले पाचूचे बुद्ध म्हणतात ते खरं म्हणजे हिरव्या जेडचे आहेत, उंची सहासष्ट सेंटीमीटर फक्त, आपल्या विहारातल्या मूर्तीपेक्षा लहान. आणि त्यांचे कपडे वर्षातून तीनदा बदलतात, उन्हाळ्याचे, पावसाळ्याचे, थंडीचे, स्वतः राजा बदलतो. आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणे, "मंग आता थंडीचेच असन." असतील. मला पाहून सांग. आणि राजाबद्दल, राजाच्या घरच्याबद्दल तिथे एक अक्षर बोलायचं नाही, गंमत म्हणून नाही, फेसबुकवर नाही, कायदा फार कडक आहे, वर्षानुवर्षं आत टाकतात. नोट खाली पडली तर पायाने दाबू नको, तिच्यावर राजा आहे. सकाळी आठ न् संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागते, सगळे उभे राहतात तशी तू पण राह. भन्तेजींना हात लावायचा नाही बाईमाणसानं, त्यांच्यासाठी मेट्रोत, बोटीत राखीव जागा असते. आमच्या गाडीत पण खिडक्यांवर लिहिलेलं असायचं, महिलांसाठी, अपंगांसाठी, आमदारांसाठी. तीस-बत्तीस वर्षांत आमदार मी एकदाच पाहिले त्या सीटवर, आणि ते पण त्यांची जीप पंक्चर झाली होती म्हणून. भन्तेजींसाठी राखीव सीट मात्र आपल्याकडे कुठे पाहिली नाही.

वाट म्हणजे तिकडचं विहार. वाट फो राजवाड्याला लागूनच आहे. तिथले बुद्ध सेहेचाळीस मीटर लांब आहेत, पंधरा मीटर उंच, महापरिनिर्वाणाचे. तुला अजिंठा आठवते का? फॅमिली पासवर गेलो होतो, आईला घाटात उलटी झाली होती, बंटी कडेवर. सव्वीस नंबरच्या लेणीत तू त्या बुद्धांच्या डोक्यापासून पायापर्यंत पावलं मोजत गेली होती, सोळा भरली, आणि चौकीदार ओरडला तरी परत येताना पुन्हा मोजली कारण तुला भरवसा नव्हता. ते सात मीटरचे होते. तेव्हा इथे पण मोज. तुझी आताची पावलं मोठी आहेत, हिशोब वेगळा लागेल. तळव्यांवर शिंपल्याचं काम आहे, एकशे आठ शुभचिन्हं, आणि भिंतीशी एकशे आठ वाट्या ठेवल्या आहेत काशाच्या, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. बंटीने व्हिडिओत तो आवाज ऐकवला, टिंग टिंग टिंग, आणि मी त्याला म्हटलं पुन्हा लाव. सुट्ट्या पैशांचा आवाज आहे तो, माझ्या अख्ख्या नोकरीचा. बंटी हसला. त्याने चार वेळा लावला.

समोर नदीपलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपला अरुणच, पहाट. था तिएनच्या धक्क्यावरून बोट सुटते, पाच मिनिटांत पलीकडे, पाच बाथ. बोटीत चढताना घाई करू नको, धक्का न् बोट यांच्यामध्ये फट असते, दोरी बांधू दे, मग पाय टाक. तुला पोहता येत नाही. ते पण माझंच चुकलं, बंटीला विहिरीत टाकलं शिकायला आणि तुला नाही टाकलं. आजी म्हणाली होती पोरीच्या जातीला कशाला, आणि मी ऐकलं.

आणि चायनाटाऊनच्या तोंडाशी ते सोन्याचे बुद्ध आहेत, वाट त्रैमित, साडेपाच टनांचे. शेकडो वर्षं वरून चुन्याचा लेप होता, कोणाला ठाऊक नव्हतं आत काय आहे, साधी मूर्ती समजून बाजूला ठेवली होती, आणि १९५५ मध्ये हलवताना दोर तुटला, मूर्ती आपटली, लेप फुटला न् आत सोनं. पुढल्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. याचा त्याचा काही संबंध नाही, पण मला सनावळ्या अशा लागून लागून आठवतात.

तुला सगळं चार दिवसांत पाहायचं आहे, ते अयुथया, तिथली जुनी राजधानी, पण लिहिलं आहे यादीत, आई म्हणाली. मी म्हणतो एका दिवशी एकच बाजू कर. शुक्रवारी उतरली की झोप, संध्याकाळी हॉटेलच्या आसपास फिर, बस. शनिवारी राजवाडा, वाट फो, नदी, हे एका जागी आहे. रविवारी तो चतुचकचा बाजार, शनिवार-रविवारच असतो, हजारो दुकानं, तिथे पर्स पोटावर घे. पोटावर म्हणजे पोटावर, बाजूला नाही. खिसेकापू काय करते, एक जण पुढे थांबते, मागून एक जण ढकलते, तुझं ध्यान ढकलणाऱ्याकडे आणि काम तिसऱ्याचं. मी पुसद स्टँडवर एकाला हात धरून पकडला होता, एवढंसं पोट्टं होतं, बारातेरा वर्षांचं, रडायला लागलं, सोडून दिला. नंतर आठ दिवस झोप नाही लागली बरोबर, का सोडला म्हणून नाही, का पकडला म्हणून. जाऊ दे. पैसे तीन ठिकाणी ठेव. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स जवळ. तिथल्या एटीएममधून काढले की दर वेळी दोनशेच्या वर बाथ कापतात, म्हणून घडी घडी काढू नको. नळाचं पाणी नाही प्यायचं. तिथे व्हेप का काय म्हणतात ते बाळगणं गुन्हा आहे, तुझा काही संबंध नाही म्हणा, पण लिहून ठेवलं. टुरिस्ट पोलीस ११५५, इंग्रजी बोलतात. ॲम्ब्युलन्स १६६९. आपली एम्बसी सुखुमवित सोई २३ वर.

आणि कोणाची बॅग हातात घ्यायची नाही. एअरपोर्टवर एखादी बाई म्हणेल बेटा माझं वजन जास्त झालं, एवढी एक पिशवी तुझ्यात घे, मुंबईला उतरलं की घेते. नाही म्हणायचं. तोंडावर. बँकॉकहून येणाऱ्या सामानात मुंबईला कस्टमवाले गांजा पकडतात, पेपरात दर आठवड्याला असते, आणि बॅग ज्याच्या हातात तो आत. मी स्वतः गाडीत लोकांचे डबे, पिशव्या, औषधं पोचवली, नियमात नव्हतं तरी पोचवली, आणि तुझ्यातही ती खोड आहे, कोणाला नाही म्हणता येत नाही तुला. मला सोडून.

हे म्यानमारचं पण वाचलं होतं मी. नोकरीचं आमिष दाखवून पोरांना थायलंडला बोलावतात न् तिथून सरहद्दीपलीकडे नेऊन कोंडतात, दिवसभर लोकांना फसवायचे फोन करायला लावतात, पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने विमानं पाठवून पाचशेच्या वर पोरं परत आणली आपली. आता तू नोकरीला चालली नाही, फिरायला चालली, परतीचं तिकीट आहे, मला सगळं समजते. तरी कोणी ओळख काढली, मराठीच बोललं, नागपूरचाच निघाला, म्हटलं चल ताई गाडी आहे आपली, तर नाही. आपला माणूस भेटला की आपण सैल पडतो. अनोळखी गावात तेच भोवते.

पाह्य, किती लिहिलं. तू वाचता वाचता डोळे फिरवून राहिली असशील, आईसारखे. माफ कर. तू यातलं सगळं आधीच पाहून ठेवलं असेल, तुझ्या त्या एक्सेलमध्ये. मी पुण्याला आलो होतो तेव्हा तू मला मेट्रोचं तिकीट मोबाईलवर काढून दिलं, स्वतः पुढे चालली, मागे वळून वळून पाहत होती बाबा येते का नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आणि थोडं वाईट पण.

आता ते. रविवारी बोलता आलं नाही ते.

२००६ ची दीक्षाभूमी. पन्नासावं वर्ष होतं, माणसाला माणूस लागलेलं. तू सात वर्षांची. आईला मी आजवर हेच सांगितलं की तू दहा मिनिटं चुकली होती. दहा मिनिटं नव्हती, दोन तास होते. तिला लहान बंटीला घेऊन मी झाडाखाली बसवलं होतं आणि आपण दोघं पुस्तकांच्या दुकानांकडे गेलो. शंभराची नोट दिली, त्याने सुट्टे परत दिले आणि मी ते मोजायला तुझा हात सोडला. रोजची सवय. कोणी पैसे हातावर ठेवले की मोजायचेच, दोन्ही हातांनी. मोजून झाले, बरोबर होते, आणि तू नव्हती.

ते दोन तास मी कसे काढले ते लिहिणार नाही. पण समता सैनिक दलाच्या पोरांनी लाऊडस्पीकरवरून पुकारलं, आणि काय पुकारलं माहीत आहे? बापाचं नाव नाही. बिल्ला नंबर. तू त्यांना तुझं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, माझा बिल्ला नंबर सांगितला, कारण दर रविवारी तो तूच चिंचेनं घासून चमकवायची न् तुला तो पाठ होता. पूर्ण मैदानावर माझा नंबर वाजत होता आणि मला पहिल्यांदा समजलंच नाही की तो माझाच आहे. गेलो तर तू भंडाऱ्याकडच्या बायांमध्ये बसून मुरमुरे खात होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाबा, पैसे बरोबर होते का?"

तेव्हापासून मी रस्त्यावर कधी सुट्टे मोजले नाहीत. ड्युटीवर मोजले, ते वेगळं.

तर मोबाईलचं माझं हे आहे. आई म्हणते तुम्ही शंभरदा तेच ते बोलता. बोलतो. तेव्हा तुला एक नंबर पाठ होता म्हणून तू सापडली. आता तुझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत आणि एकही पाठ नाही, मी दिवाळीला विचारलं होतं गमतीनं, तू हसून म्हणाली सेव्ह आहे ना बाबा. मोबाईल हरवला, पाण्यात पडला, बंद झाला, कोणी हिसकला, तर त्या अख्ख्या शहरात तू कोणाचा नंबर सांगशील? म्हणून उद्या विमानात बसायच्या आधी माझा नंबर पाठ कर. नऊ एक आधी लावायचं. दहा आकडे. तुला पोरगी म्हणून अडवायचं नव्हतं, हेच होतं, आणि तोंडातून नवरा निघाला.

आईने हे वाचलं नाही. दोन तासांचं तिला मी सांगेन, तू आल्यावर. तू सांगू नको.

बँकॉकचं खरं नाव क्रुंग थेप आहे, देवांचं शहर, आणि पूर्ण नाव तर इतकं लांब आहे की जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव म्हणतात, त्यात अमर, रत्न, अयोध्या सगळं येते. मी बंटीला म्हटलं बरं झालं आमच्या डेपोची गाडी तिकडे जात नव्हती, पाटीवर कसं मावलं असतं.

जवसाची चटणी न् तिखट पाठवलं होतं ट्रॅव्हल्सने, मिळालं का ते कळव. आई विचारत होती, पण तिने स्वतः विचारलं असं सांगू नको म्हणाली. तिकडे सगळ्यात मासळीचं पाणी घालतात म्हणे, तुला काय, तू सावजी खाणारी. पण पोट बिघडलं तर भात न् दही मिळाल्यास तेच खा. प्रवासाचा विमा काढला असशीलच. पैसे लागले तर सांग, तूर निघून राहिली, भाव पडला आहे पण तेवढे निघतील.

त्यावरून आठवलं. शुक्रवारी सकाळी मळणीयंत्र येणार आहे, दुसऱ्या दिवशीचा नंबर मागितला तर तो म्हणे मग डायरेक्ट पुढच्या आठवड्यात. म्हणजे तू पोचशील तेव्हा मी वावरात असेन, आणि विहिरीकडे रेंज अजिबात नाही, टॉवरचं तुला माहीतच आहे. तुमच्याकडे दहा वाजतील तेव्हा इथे साडेआठ. तेव्हा तू फोन लावला आणि माझा लागला नाही तर घाबरू नको. आईला लाव. मी संध्याकाळी बांधावर येऊन पाहीन.

तुझा
बाबा